पुडीत नेमके काय आहे? सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाची वाटचाल

इ.स. १०७६. चीनमध्ये सोंग घराण्याचे राज्य होते, गादीवर सम्राट शेनत्सोंग होता आणि वांग आनशी या मंत्र्याने आखलेल्या सुधारणा राज्यभर राबवल्या जात होत्या. बडे व्यापारी माल दाबून ठेवतात आणि भाव चढले की बाहेर काढतात; याला आळा घालायचा तर सरकारनेच बाजारात उतरले पाहिजे, हे त्या सुधारणांमागचे एक मुख्य सूत्र. इतर मालाबरोबर औषधेही त्यात आली. त्या वर्षी राजधानी काइफेंगमध्ये राजवैद्यकीय खात्याच्या देखरेखीखाली तयार औषधे विकणारे सरकारी दुकान सुरू झाले. ज्याला वैद्याची फी परवडत नाही त्याने दुकानात यावे, दुखणे सांगावे आणि चूर्णाची किंवा गोळ्यांची पुडी घेऊन घरी जावे, अशी ही सोय होती.

ही संस्था सोंग राजवटीच्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे चालली. या काळात तिचे शहर बदलले, नावे बदलली, आणि तिने मागे एक ग्रंथ ठेवला. तो वैद्यकाच्या इतिहासात संस्थेहूनही मोठा ठरला. तिचा सगळा कारभार एका लेखात मावणार नाही. इथे एकच धागा धरला आहे : लघवीच्या दुखण्यांवरची तिची औषधे. उन्हाळे लागणे, थेंब थेंब होणे, अडणे, धरवत नसणे, रात्रीतून चार-चारदा उठावे लागणे ही दुखणी माणूस घरातही मोकळेपणाने बोलत नाही. वैद्यापुढे तपशील सांगत बसण्यापेक्षा दुकानातून पुडी आणणे अशा रोग्याला सोपे जाते. तयार औषधाचे मोल आणि तयार औषधाचा धोका, दोन्ही या दुखण्यांत जितके उघडे पडतात तितके क्वचितच दुसऱ्या कशात पडत असतील.

पहिल्या दुकानाचा जम लवकर बसला. ११०३ मध्ये, सम्राट ह्वेइत्सोंगच्या काळात, विक्रीची दुकाने पाच झाली आणि औषधे बनवण्याचे काम त्यांच्यापासून वेगळे काढून दोन स्वतंत्र कारखान्यांकडे दिले गेले. १११४ मध्ये कारखान्यांना ‘हजीजू’ आणि दुकानांना ‘ह्वेइमिनजू’ अशी नावे मिळाली. पहिल्याचे काम औषध सिद्ध करण्याचे, दुसऱ्याचे ते लोकांपर्यंत पोचवण्याचे. बनवणारा आणि विकणारा वेगळा ठेवण्यात मोठे शहाणपण होते. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस यावी, ही त्यात अपेक्षा होती. औषधांवर सरकारी शिक्का असे. दुकानात रात्रपाळी असे, आणि अडल्यानडल्या रोग्याला रात्री औषध नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेची तरतूद होती.

या व्यवस्थेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस सम्राट नव्हे आणि मंत्रीही नव्हे. तो आहे खोउ झोंगशी नावाचा एक मध्यम दर्जाचा अधिकारी. औषधीद्रव्यांची सरकारी खरेदी करणाऱ्या कचेरीत तो पारखी होता. आलेली मुळी खरी की खोटी, ताजी की कीड लागलेली, सांगितलेल्या प्रांतातली की भलतीकडची, हे पाहणे त्याचे काम. अनेक वर्षांच्या पाहणीतून त्याने १११६ मध्ये ‘बेनत्साओ यान्यी’ हा द्रव्यगुणावरचा ग्रंथ पूर्ण केला. आधीच्या ग्रंथकारांनी जे ऐकून लिहिले ते त्याने हातात घेऊन तपासले.

त्याच्या ग्रंथात प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांच्या कोशाबद्दल एक नोंद आहे. पुढचे दोन पाय जोडून बसणारा हा कीटक फांदीला फेसासारखा कोश चिकटवतो आणि तो वाळून कडक होतो. खोउ सांगतो की शेजारच्या घरातल्या एका पुरुषाला दिवसातून कित्येक वेळा लघवीला जावे लागे. लघवी दाट, तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी. मन थाऱ्यावर नाही, अन्न जात नाही, अंग वाळत चाललेले. त्याला या कोशाचे औषध दिले आणि एक खेप संपायच्या आत तो बरा झाला. औषधात कोशाबरोबर पॉलिगालाची मुळी, वेखंडाच्या जातीचे मूळ, जमिनीत सापडणारी प्राण्यांची अश्मीभूत हाडे, जिनसेंग, पाइनच्या मुळांवर वाढणारी पोरिया नावाची बुरशी, अँजेलिकाची मुळी आणि शिरक्यात भाजलेली कासवाची ढाल होती. सर्व समभाग. झोपताना जिनसेंगच्या काढ्याबरोबर घ्यायचे.

एका शेजाऱ्याच्या गुणाने औषध सिद्ध होत नाही हे आपण जाणतो. लघवी वारंवार होणे आणि रोडावणे ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात, असेही आजचा डॉक्टर म्हणेल. पण पारखी खोउ पुढे जे लिहितो ते मला बरे झालेल्या शेजाऱ्याहून मोलाचे वाटते. कोश तुतीच्या झाडावरचाच घ्यावा, असे तो बजावतो. इतर झाडांवरही हेच कोश मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. तुतीवरचा मिळालाच नाही तर दुसरा वापरावा, पण मग भाजलेली तुतीची साल जोडीला द्यावी. म्हणजे बदल करायची वेळ आली तर तो लपवायचा नाही. नोंदवायचा, आणि त्याची भरपाईही सांगायची. तुतीमुळे गुणात खरोखर फरक पडतो की नाही, हा प्रश्न वेगळा. पारखी माणसाची वृत्ती कशी असावी हे या दोन ओळींत दिसते. पुढे नऊशे वर्षांनी दुसऱ्या एका वनस्पतीच्या बाबतीत ही वृत्ती कोणाकडे उरली नाही, तेव्हा माणसे दगावली. तिकडे येऊच.

संस्थेच्या सूत्रांचा पहिला संग्रह १०७८ ते १०८५ या काळात तयार झाला. पुढे ११०७ ते १११० च्या दरम्यान चेन शिवेन, पेइ झोंगयुआन आणि चेन चेंग यांनी तो नीट तपासून पाच भागांत मांडला. त्यात २१ प्रकरणे आणि २९७ योग होते. नंतरच्या राजांच्या काळात भर पडत गेली. ११५१ मध्ये त्याला ‘ताइपिंग ह्वेइमिन हजीजू फांग’ हे नाव मिळाले, आणि शेवटच्या रूपात दहा भागांत ७८८ योग झाले. प्रत्येक योगाखाली कोणत्या लक्षणांवर द्यायचा, द्रव्ये किती, कशी शुद्ध करायची, मात्रा काय आणि अनुपान काय, हे सगळे दिलेले. दुकानातल्या माणसाने वाचावे आणि पुडी बांधावी, इतके सरळ.

लघवीच्या तक्रारींकडे हे वैद्यक कसे पाहत होते ते थोडक्यात सांगायला हवे. मूत्राशयात पाणी साठते, पण ते बाहेर पडायला शरीरातल्या ‘ची’ या चैतन्याची क्रिया लागते, ही त्यांची जुनी धारणा. खालच्या भागात ओलावा आणि उष्णता साचली की लघवी लाल होते, आग होते, तुंबते. उलट मूत्रपिंडाची ऊब ओसरली की पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते, मग लघवी वारंवार, पांढरी, आवरता न येणारी. एकाला मोकळे करायचे, दुसऱ्याला बांधायचे. आपल्या आयुर्वेदात मूत्रकृच्छ्र (लघवी होताना त्रास) आणि मूत्राघात (लघवी अडणे) वेगळे मानतात, त्यांचे निदान आणि उपचारही वेगळे. वर्गीकरण निराळे असले तरी ‘लघवीचा त्रास’ हे एक दुखणे नव्हे, याबद्दल दोन्ही परंपरांत दुमत नाही.

मोकळे करण्याच्या बाजूचा संस्थेचा गाजलेला योग म्हणजे ‘बाझेंग सान’, आठ द्रव्यांचे चूर्ण. ग्रंथाच्या सहाव्या भागात, साचलेल्या उष्णतेच्या प्रकरणात तो येतो. डायन्थस, वाटेकडेला पसरणारे एक गाठीगाठींचे तण, इसबगोलाच्या जातभाईचे बी, मुतोंग नावाच्या वेलीचे खोड, शंखजिरे, अनंताचे फळ, रेवाचिनी आणि ज्येष्ठमध. प्रत्येकी एक जिन, त्या काळच्या मापाने सहाशे ग्रॅमहून थोडे अधिक. हे माप घरगुती नाही, कारखान्याचे आहे. एका खेपेत पाच किलो माल सिद्ध होई.

कृतीही पाहण्यासारखी आहे. रेवाचिनी तशीच टाकायची नाही. ती कणकेत गुंडाळून गरम राखेत भाजायची, वरची कणीक काढून टाकायची, काप करायचे आणि ते पुन्हा शेकून कोरडे करायचे. तिचा जुलाबाचा जोर त्याने मवाळ होतो. ज्येष्ठमध भाजून घ्यायचे. सगळ्याची भरड करून मोठ्या माणसाला दोन छियान, म्हणजे साधारण आठ ग्रॅम, एक पेला पाण्यात उकळायची. त्यात लव्हाळ्याच्या जातीच्या गवताचा पांढरा, हलका गाभा टाकायचा. हाच गाभा तिकडे दिव्याची वात म्हणून वापरत. पाणी दहापैकी सात भाग उरले की गाळून जेवणानंतर आणि झोपताना कोमट घ्यायचे. लहान मुलांना वयाप्रमाणे कमी. लघवी लाल होऊन आग होणे, रक्त जाणे, पोटात कळ येऊन लघवी अडणे, अशी लक्षणे खाली दिली आहेत. पहिली पाच द्रव्ये लघवी वाढवून मार्ग धुऊन काढायला, अनंत आणि रेवाचिनी उष्णता खाली उतरवायला, ज्येष्ठमध सर्वांना सांभाळून घ्यायला, असा या रचनेचा अर्थ वैद्य लावत आले. आज या लक्षणांतली बरीचशी जंतुसंसर्गाची म्हणून ओळखली जातात, आणि ताप-थंडी भरली असेल तर प्रतिजैविकाला पर्याय नाही.

दुसरा योग याच्या अगदी उलट प्रकृतीच्या माणसासाठी आहे. ‘छिंगशिन लियानझी यिन’, कमळबियांचा काढा. काळजीने झोप उडालेली, अशक्तपणा आलेला, तोंड कोरडे, आणि त्यातच लघवी पुन्हा पुन्हा, पूर्ण न झाल्यासारखी. अशा रोग्याला रेवाचिनी दिली तर तो आणखी खचेल. म्हणून यात कमळबी, जिनसेंग, पोरिया, अ‍ॅस्ट्रॅगॅलसची मुळी, स्कुटेलेरियाची मुळी, शतावरीच्या कुळाजवळच्या ओफिओपोगॉनचे कंद, लिशियमच्या मुळाची साल, इसबगोलाच्या जातभाईचे बी आणि ज्येष्ठमध आहे. काढा उकळून गाळल्यावर भांडे थंड पाण्यात ठेवून निववायचे आणि अनशापोटी गारच प्यायचे. चिनी वैद्यकात बहुतेक काढे कोमट घेतात. इथे मुद्दाम गार सांगितला आहे, कारण रोग्याच्या छातीत काळजीची उष्णता आहे असे ते मानत. मनाची घालमेल आणि मूत्राशयाची घाई यांचा संबंध आजच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे. दुकानदारीच्या ग्रंथात तो इतक्या बारकाईने टिपलेला पाहून लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

तिसरा, ‘वूलिन सान’. त्यांच्याकडे लघवीच्या त्रासाचे पाच प्रकार मानत, त्या पाचांवरचे चूर्ण. तांबडा पिओनी, अनंताचे फळ, अँजेलिका, पोरिया, ज्येष्ठमध. मूळ कृती साधी आहे.

‘बांधण्या’च्या बाजूला त्याच शतकांत संस्थेबाहेरच्या वैद्यांनीही मोठी भर घातली. लघवी न धरवण्यावरची आजही चीनमध्ये विकली जाणारी ‘सुओछुआन वान’ ही गोळी चेन झिमिंगच्या स्त्रीरोगांवरील ग्रंथाशी (१२३७) जोडली जाते. आल्याच्या कुळातले एक सुगंधी फळ आणि दालचिनीच्या कुळातल्या एका झुडपाची मुळी समभाग कुटायची. मद्यात शिजवलेल्या कोनफळाच्या जातीच्या कंदाच्या पिठाची खळ करून गोळ्या वळायच्या. पेजेबरोबर किंवा मीठ घातलेल्या मद्याबरोबर घ्यायच्या. अंथरूण ओले करणारी मुले आणि रात्री वारंवार उठणारे म्हातारे हे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक.

११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या ज्युर्चेन लोकांच्या सैन्याने काइफेंग घेतले. सम्राट कैद झाला, दरबार दक्षिणेकडे पळाला. राज्य बुडत असताना औषधाचे दुकान कोणाला आठवणार? पण ११३६ मध्ये, नवी राजधानी लिनआन, म्हणजे आजचे हांगचौ, अजून नीट वसलीही नव्हती तोवर तिथे सरकारी औषधालये पुन्हा सुरू झाली. ११४८ मध्ये त्यांना ‘ताइपिंग ह्वेइमिनजू’ हे नाव मिळाले. ग्रंथ छापून प्रांतोप्रांती गेला. निर्वासितांनी भरलेल्या शहरात ही सेवा आधी उभी करावीशी वाटणे, हे त्या राजवटीच्या खात्यावर जमा करावे असेच आहे.

मग कीड लागली. झोउ मी हा लेखक तेराव्या शतकात हांगचौमध्ये राहत होता. सोंग राज्य गेल्यानंतर त्याने जुन्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, त्यात औषधालयाबद्दल एक परिच्छेद आहे. तो सांगतो : सगळी मिळून सत्तर दुकाने होती, औषध बाजारभावापेक्षा एक-तृतीयांश स्वस्त होते, आणि त्यातली तूट सरकारी तिजोरी भरून देत असे. औषध बनवण्यावर अधिकारी, देखरेखीवर अधिकारी, दरवाजावर अधिकारी. इतके असूनही कारकून आणि औषध कुटणारे नोकर चोऱ्या करत. भीमसेनी कापराच्या जागी साधा कापूर घालत, सिचुआनच्या बचनागाच्या जागी हलक्या प्रतीचा बचनाग. चांगली खेप तयार झाली की ती दरबारी आणि वजनदार मंडळींच्या घरी जाई. गरिबाच्या हाती काही लागत नसे.

भीमसेनी कापूर आणि साधा कापूर यांत आपल्याकडचा गंधीही फरक करतो, भावही वेगळा घेतो. दोन्ही पांढरे, दोन्ही वासाचे. पुडीत कुटून टाकल्यावर कोण ओळखणार? सरकारी शिक्का बाहेरच्या नकली मालापासून वाचवत होता. आतल्याच माणसाने द्रव्य बदलले तर तोच शिक्का खोट्याला खरे करत होता. खोउ झोंगशीसारखा पारखी ज्या व्यवस्थेत होऊन गेला तिची ही गत, याचे दुःख होते.

ग्रंथावर आघात झाला तो वेगळ्या अंगाने. झू दानशी (१२८१–१३५८) हा यिवूचा वैद्य. त्याने २९७ योगांचा तो संग्रह रात्रंदिवस अभ्यासला, आणि शेवटी या निष्कर्षाला आला की जुन्या कृती घेऊन आजच्या रोग्याला बसवता येत नाहीत. त्याने ‘जूफांग फाह्वेइ’ नावाची टीका लिहिली. तक्रार अशी की रोग्याला न पाहता लक्षणांच्या यादीवरून पुडी दिली जाते, आणि यादीत सुगंधी, उष्ण, कोरडी औषधे फार आहेत.

त्याच्या चरित्रातली एक हकिगत मूत्रविकाराचीच आहे. एका माणसाची लघवी अडली. आधीच्या वैद्याने लघवी मोकळी करणारी औषधे दिली, त्रास वाढला. दानशीने नाडी पाहिली आणि दोष वर, फुप्फुसात साचलेल्या कफात आहे असे ठरवले. पाण्याची झारी वरचे भोक बंद केले तर खालून ठिबकत नाही, हा त्याचा युक्तिवाद. त्याने रोग्याला वांती करवली आणि लघवी सुटली. आज हा प्रयोग कोणी करू नये. लघवी अडली तर नळी घालणे हाच तातडीचा उपाय आहे, आणि सातव्या शतकात सुन सिमियाओने कांद्याच्या पोकळ पातीने तो सांगून ठेवला होता. पण दानशीचा मूळ आक्षेप बिनतोड आहे. बाझेंग सान मोकळे करणारे म्हणून प्रत्येक अडलेल्याला देणे म्हणजे रोगी न पाहणेच.

१२७६ मध्ये लिनआन मंगोलांना शरण गेले. त्याआधीच, १२३७ मध्ये, ओगेदेइ खानाने उत्तरेत ह्वेइमिन औषधालये स्थापली होती. १३७० मध्ये मिंग घराण्यानेही स्थापली. नाव टिकले, पण हळूहळू पैसा आटला, माणसे कमी झाली आणि ती बंद पडत गेली. कोरियात गोर्यो राजवटीत १११२ मध्ये याच धर्तीची संस्था निघाली. पुढच्या जोसन राजवटीत ती ‘ह्येमिनसो’ या नावाने सेऊलमध्ये गरिबांना औषधे देत राहिली, तिथे स्त्री-वैद्यही शिकत, आणि ती थेट १८८२ पर्यंत चालली. कागदावर संस्था मरते आणि शेजारच्या देशात जगते, असे घडले.

ग्रंथ जपानला आधीच पोचला होता. कामाकुरा इथला भिक्षू-वैद्य काजिवारा शोझेन याने चौदाव्या शतकाच्या आरंभी सोंग काळच्या ग्रंथांवरून जपानी वैद्यकाची मोठी पुस्तके लिहिली, त्यांत हजीजूचे योग आले. आज ते कुठे आहेत? कमळबियांचा काढा ‘सेइशिन रेन्शी इन’ म्हणून आणि पाच प्रकारांवरचे चूर्ण ‘गोरिन सान’ म्हणून जपानच्या औषधकपाटांत आहेत. १९७६ पासून अशा ‘कांपो’, म्हणजे जपानी वळणाच्या चिनी, औषधांना राष्ट्रीय आरोग्य विम्याची मोठ्या प्रमाणावर मान्यता मिळाली. त्सुमुरा कंपनीच्या पाकिटांवर या दोहोंचे क्रमांक १११ आणि ५६. चूर्ण नव्हे, काढा आटवून केलेले दाणे. मूत्रविकारतज्ज्ञ तपासण्या करून, संसर्ग आणि गाठ नाही याची खात्री करून, वारंवार लघवीच्या किंवा लघवी उरल्यासारखी वाटण्याच्या तक्रारीवर ते लिहून देतात. सोबतच्या पत्रकात इशारेही आहेत : ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटून रक्तदाब वाढू शकतो, स्कुटेलेरियाने क्वचित फुप्फुसाला आणि यकृताला इजा होऊ शकते. हजार वर्षांच्या औषधालाही असे पत्रक लागते, आणि ते छापणे हा परंपरेचा मान आहे असे मी समजतो.

आता मुतोंग. बाझेंग सानमधले हे चौथे द्रव्य अकेबिया या वेलीचे खोड. विसाव्या शतकात ईशान्य चीनमधून दुसऱ्याच एका वेलीचे खोड बाजारात येऊ लागले, स्वस्त आणि मुबलक. ‘गुआन-मुतोंग’, म्हणजे मांचुरियन अ‍ॅरिस्टोलोकिया. आपल्या कोकणातली सापसंद किंवा ईश्वरी याच वंशातली. १९६३ च्या चिनी औषधकोशात गुआन-मुतोंगला अधिकृत स्थान मिळाले. १९६४ मध्येच एका चिनी वैद्यकीय मासिकात मुतोंगची मोठी मात्रा घेतल्यावर मूत्रपिंडे निकामी झालेल्या दोन रोग्यांची नोंद आली. कोणी दखल घेतली नाही. लघवी साफ व्हावी म्हणून शतकानुशतके दिलेल्या योगातच असे द्रव्य शिरले होते, जे मूत्रपिंडाच्या नलिका मारते आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात कर्करोग पेरते.

हे उघडकीस आले युरोपात. ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यातल्या स्त्रियांची मूत्रपिंडे एकापाठोपाठ निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. त्यांच्या गोळ्यांत स्टेफानियाच्या मुळीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी गेली होती. चिनी नावे जवळची, कापलेले तुकडे दिसायला जवळचे. २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेल्या अभ्यासात, मूत्रपिंडे गेलेल्या अशा ३९ रोग्यांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅरिस्टोलोकियाची औषधे माणसात कर्करोग करणारी ठरवली. एप्रिल २००३ मध्ये चीनने गुआन-मुतोंगची मान्यता काढली आणि ते असलेल्या औषधांत पुन्हा अकेबिया वापरण्याचे आदेश दिले. २००५ च्या औषधकोशात अकेबिया परत आली. तैवानने २००३ मध्येच बंदी घातली.

पुडीतल्या अदलाबदलीवरचा एक जुना उपाय इथे आठवतो. हांगचौमध्ये १८७४ साली हू शुएयान या व्यापाऱ्याने ‘हू छिंग यू तांग’ हे औषधालय उघडले. हजीजूच्या ग्रंथातले योग हा त्याचा पाया. १८७८ मध्ये त्याने तिथे एक फळा लावला : फसवणूक करू नका, हलका माल देऊन जास्त पैसे घेऊ नका. दुकानातल्या इतर पाट्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहेत. हा फळा आत, नोकरांकडे तोंड करून आहे. झोउ मीने वर्णिलेली चोरी आतूनच झाली होती, तेव्हा फळ्याची जागा बरोबर आहे. मात्र मुतोंगच्या बाबतीत फळाही पुरला नसता. तिथे फसवणारा कोणी नव्हता. औषधकोशातच चुकीची वेल होती आणि ती प्रामाणिकपणे कुटली जात होती. अशा वेळी लागतो तो तुतीच्या फांदीवरचा कोश कोणता आणि दुसऱ्या झाडावरचा कोणता हे विचारणारा पारखी.

हिशेब अजून मिटलेला नाही. तैवानच्या आरोग्य विम्याच्या नोंदींवरून दिसते की १९९७ ते २००३ या काळात तिथल्या सुमारे एक-तृतीयांश लोकांना अ‍ॅरिस्टोलोकियाची शक्यता असलेली औषधे लिहून दिली गेली होती. २०१० च्या एका अभ्यासात, एकूण ६० ग्रॅमपेक्षा अधिक मुतोंग घेतलेल्यांमध्ये मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. अ‍ॅरिस्टोलोकियातले विष पेशीच्या जनुकात आपली विशिष्ट खूण ठेवते. गाठीत ती सापडली की कारण कळते. आणि हा कर्करोग औषध बंद केल्यावर कित्येक वर्षांनीही डोके वर काढतो. म्हणून २००३ पूर्वी अशी चूर्णे किंवा गोळ्या घेतलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसले, दुखत नसले तरी, तर ते आजही ताबडतोब तपासून घ्यावे लागते. आपल्याकडे कोणी सापसंदीची मुळी पोटात घेत असेल तर त्यालाही हेच लागू आहे.